नाखवा सरांची मान

आमच्या शिक्षक-खोलीत माझ्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर एक चौकोनी घड्याळ होते. ते सरळ टांगलेले आहे याविषयी मला शंका नव्हती. शिपायाला ओळंबा धरायला लावून ते मीच टांगून घेतले होते. तरीही नाखवा सर शेजारी येऊन बसले आणि आमचे बोलणे सुरू झाले, की थोड्या वेळाने ते घड्याळ मला डावीकडे कललेले दिसू लागे. दोष घड्याळाचा नव्हता. सरांशी बोलताना माझीच मान उजवीकडे झुकत असे, आणि ती तशी झुकवण्याची सवय मला सरांपासून लागली होती.

हे नीट समजण्यासाठी क्रमाने सांगायला हवे.

हिराजी नाखवा डोंबिवलीच्या आमच्या शाळेत भूमिती शिकवत आणि मी विज्ञान. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी मी रुजू झाले, तेव्हा त्यांची तिथे चार वर्षे झाली होती. ते कोलशेतचे, खाडीकाठच्या गावठाणातले. मासेमारी करणाऱ्या त्यांच्या घराण्यातले पहिले पदवीधर. बांधा उंच, रंग काळसावळा, अंगात पांढरा शर्ट. शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली, डावी मात्र मनगटावर बटण लावून बंद. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "लिहायचं काम उजव्या हाताचं आहे, बाई. डाव्या बाहीला उगाच कशाला त्रास?"

खडू ते नेहमी मधोमध मोडून वापरत. अख्खा खडू फळ्यावर किंचाळतो, अर्धा किंचाळत नाही, हे मला त्यांनीच दाखवले. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्यापूर्वी ते सूचना देत. "बाई, आज सुकट आहे. खिडकी उघडू, की तुम्ही बाहेर जाता?"

"तुम्हीच जा की बाहेर, सर."

"मी गेलो तरी डबा इथंच राहणार. मग तुमच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

दोन वर्षांनी मी सुकट खाऊ लागले, तेव्हा या सूचनेचा अर्थ मला कळला.

त्यांचे सर्वांत आवडते वाक्य होते, "आधी पाया, मग कोन." कोनमापकाची खालची सरळ कड म्हणजे पाया. ती दिलेल्या रेषेवर तंतोतंत बसवल्याशिवाय कोन मोजायचा नाही. मुले घाईत कोनमापक तिरका ठेवत आणि साठाचा कोन सत्तर म्हणून लिहून मोकळी होत. अशा उत्तराशेजारी सर लाल शाईने फक्त एक शब्द लिहीत, 'पाया?' त्या प्रश्नचिन्हापुढे रागावण्याची गरजच उरत नसे. दुसरा नियम असा, की एका मापावर विसंबायचे नाही. दुसरे माप हे पहिल्याचे साक्षीदार. दोघांची साक्ष जुळली तरच उत्तराखाली रेघ मारायची.

मात्र शाळेत त्यांची ख्याती होती ती वर्तुळामुळे. दहावीच्या नव्या वर्गाचा पहिला तास ठरलेला असे. सर फळ्याच्या मध्यभागी एक टिंब देत, फळ्याशी खांदा करून उभे राहत, हात ताठ करत आणि एका झटक्यात, कंपासाशिवाय, टिंबाभोवती वर्तुळ काढत. मग एखाद्या मुलीला बोलावून तिच्या हाती दोरी देत. दोरीचे एक टोक टिंबावर धरायचे, दुसरे वर्तुळावर फिरवायचे. तेवढ्या वेळात सर फळ्याकडे पाठ करून वर्गाकडे पाहत उभे राहत आणि विचारत, "जुळली?"

"जुळली, सर!"

"सगळीकडे?"

"सगळीकडे, सर!"

मग वर्ग टाळ्या वाजवी. भूमितीची भीती वाटणारी मुलेसुद्धा त्या दिवशी वहीला नवे कव्हर घालत.

या वर्तुळाचे मूळ मला एका रविवारी त्यांच्या घरी कळले. मी ठाण्यातच राहत असल्यामुळे कोलशेत मला लांब नव्हते. सरांचे वडील ओट्यावर बसून पाग दुरुस्त करत होते. पाग म्हणजे हाताने फेकायचे जाळे. नीट फेकले तर ते हवेत उघडते आणि पाण्यावर पूर्ण गोल पडते. मी सरांच्या वर्तुळाचे कौतुक केले, तसे म्हातारबुवा हसले.

"शालंत त्याला काय शिकवला त्ये शालंला म्हाईत. गोल काराला मी शिकवला, बाय. ह्ये खांद्याचा काम हाय, डोल्याचा नाय. पाग फेकताना पान्याकरं बगाचा नाय. बगलंस का जालं तुज्याच पायावर."

"बाबा, बाई विज्ञान शिकवतात. त्यांना पुरावा लागतो," सर म्हणाले.

"मंग चल खारीवर. पुरावा देतो."

भरतीची वेळ नव्हती म्हणून खाडीवरचा पुरावा राहून गेला. पण पाण्याकडे न बघण्याचे ते वाक्य मी लक्षात ठेवले. पुढे ते उपयोगी पडले.

आता मानेविषयी. फळ्याकडे, वहीकडे किंवा समोरच्या माणसाकडे नीट पाहायचे असले, की सरांची मान उजव्या खांद्याकडे थोडी झुकत असे. आम्ही तिला त्यांची ऐट समजत होतो. मुलांनी तिला भूमितीचा भाग मानले होते. एकदा शिक्षण खात्याचे अधिकारी तपासणीसाठी आले. मुख्याध्यापकांसह ते दहावीच्या दारात उभे राहिले आणि बराच वेळ आतच गेले नाहीत. पन्नास मुलांच्या पन्नास माना एकाच बाजूला, एकाच मापाने कललेल्या होत्या.

"या वर्गाला काही त्रास आहे का?" त्यांनी मुख्याध्यापकांना हळूच विचारले. मग पहिल्या बाकावरच्या मुलीकडे वळले. "बाळ, मान अशी तिरकी का धरली आहेस?"

मुलगी उभी राहिली. मान तशीच. "सर, अशी केल्याशिवाय काटकोन दिसत नाही."

अधिकाऱ्यांनी काय शेरा लिहिला, ते कळले नाही. संध्याकाळी मी हा प्रकार सरांना सांगितला, तर ते खरोखर चकित झाले.

"तिरकी? कोणाची मान तिरकी?" असे त्यांनी मला विचारले, उजव्या खांद्याकडे झुकून.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सरांचे डोके दुखू लागले. गुणपत्रकात एका ओळीतला आकडा दुसऱ्या ओळीत जाऊ लागला. शेवटी मी त्यांना डोंबिवली स्टेशनजवळ चष्म्याचे दुकान असलेल्या नेन्यांकडे पाठवले. नेन्यांनी त्यांच्या नाकावर तपासणीची जड गोल चौकट चढवली, एकामागून एक भिंगे बदलली आणि भिंतीवरचे एक चित्र दाखवले. चाकाच्या आऱ्यांसारख्या सारख्या जाडीच्या रेघा त्यात होत्या. सरांना त्यांतल्या काही ठळक दिसल्या आणि काही पुसट.

याला दृष्टिवैषम्य म्हणतात. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला आमच्या पुस्तकात पारपटल हा शब्द होता. निरोगी पारपटलाचा बाक चेंडूसारखा सगळीकडे सारखा असतो. चेंडू दोन बोटांत हलकेच दाबला, तर एका दिशेचा बाक वाढतो आणि दुसऱ्या दिशेचा कमी होतो. काही पारपटले तशी असतात. मग एका दिशेच्या रेघा स्पष्ट आणि दुसऱ्या दिशेच्या धूसर दिसतात. त्यासाठी लागणाऱ्या भिंगाला ताकद असते, तशी दिशाही असते, आणि ती दिशा अंशांत लिहितात.

दुसऱ्या दिवशी सर नेन्यांची चिठ्ठी नाचवत शिक्षक-खोलीत आले.

"बाई, माझ्या उजव्या डोळ्यात कोन आहे! एकशे दहा अंश. विशालकोन!"

"आणि नंबर?"

"नंबर सव्वा. किरकोळ आहे, त्याचं सोडा. कोन बघा!"

त्या दिवशी त्यांनी तीन वर्गांत स्वतःचा उजवा डोळा फळ्यावर काढून त्यात एकशे दहाचा कोन आखून दाखवला.

हा आनंद जूनपर्यंत टिकला. दहावीचा पहिला तास आला. सरांनी नवा चष्मा पुसून लावला, टिंब दिले, हात फिरवला आणि वर्गाकडे तोंड केले. वैशाली नावाची मुलगी दोरी फिरवत होती. माझी प्रयोगशाळा त्यांच्या वर्गासमोरच, मधल्या व्हरांड्यापलीकडे. त्यामुळे खिडकीतून मला सगळे दिसत होते.

"जुळली?"

वैशालीने दोरी पुन्हा ताणून पाहिली. वरच्या उजव्या बाजूला दोरी अर्धे बोट कमी पडत होती.

"सर, दोरी दमट असेल," ती म्हणाली. "दमट झाली की आखडते ना?"

वर्गात कोणी हसले नाही, आणि सरांना तेच अधिक लागले असावे. "दोरी खोटं बोलत नाही, बाळ," असे म्हणून त्यांनी फळा पुसला आणि थेट पहिले प्रमेय सुरू केले.

याचे कारण शास्त्रीय आहे. असे भिंग धूसरपणा घालवते, पण एका दिशेने वस्तू किंचित ताणून दाखवते. बहुतेकांच्या ते ध्यानातही येत नाही. सरांना मात्र हात अर्ध्यावर असताना वर्तुळ चपटे दिसले आणि त्यांनी ते चालत्या हाताने सुधारले. "महिन्याभरात सवय होईल," नेने म्हणाले. सरांना सवय झाली. हाताला झाली नाही. सप्टेंबरात चष्मा खिशात गेला आणि डोकेदुखी परत आली. डोळ्यात बसवायच्या भिंगांचा विचार केला, पण खडूच्या भुकटीत ती टिकणार नव्हती.

त्या सुमारास लेझरने पारपटलाचा बाक दुरुस्त करता येतो, असे ऐकू येऊ लागले होते. माजिवड्याजवळच्या एका नेत्र रुग्णालयात तशी सोय होती. तिथल्या डॉक्टर तरुण आणि स्पष्टवक्त्या होत्या.

"सर, एवढ्या लहान नंबराला घाई करण्याचं कारण नाही. चष्म्यावर भागतं."

"माझं भागतं, डॉक्टर. वर्तुळाचं भागत नाही."

"डोळा काही महिने कोरडा वाटेल. रात्रीच्या दिव्यांभोवती वलयं दिसू शकतील. आणि चाळिशी उलटली आहे, तेव्हा वाचायचा चष्मा लागणारच."

"लागू दे. तो वाचनापुरता. फळ्यापाशी तो माझ्या नाकावर नसेल."

मे महिन्याच्या सुट्टीतला दिवस ठरला. तपासण्या झाल्या. एप्रिलच्या एका दुपारी सर शिक्षक-खोलीत दोन कागद शेजारी-शेजारी ठेवून बसलेले मला दिसले. चेहरा गंभीर होता.

"बाई, साक्ष जुळत नाही. नेने म्हणतात एकशे दहा. रुग्णालय म्हणतं एकशे वीस."

"अहो, दहा अंशांनी काय होतंय?" पलीकडून आमचे व्यायामशिक्षक म्हणाले. "आणि तिथे केवढं मोठं मशीन आहे! बरोबर तेच असणार."

"माझ्या वर्गात दहा अंशांच्या चुकीला शून्य गुण आहेत, गुरुजी."

मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर गणित मांडले. दुरुस्ती दहा अंश चुकीच्या दिशेने झाली, तर मूळ नंबराच्या एक तृतीयांशाहून किंचित जास्त नंबर शिल्लक राहतो, आणि तोही नव्या दिशेने. उत्तराखाली त्यांनी रेघ मारली नाही. कागदाकडे पाहत म्हणाले, "फळा असता तर पुसला असता."

त्यांना इतके काळजीत मी कधी पाहिले नव्हते. ते पुन्हा रुग्णालयात गेले. उत्तर एकशे वीस. पुन्हा नेन्यांकडे गेले; उत्तर एकशे दहा. नेने दुखावले. "सर, तीस वर्षं मी हेच करतोय," ते म्हणाले. डॉक्टरांनी मात्र वाद घातला नाही. "मापं जुळत नाहीत तोपर्यंत मी डोळ्याला हात लावणार नाही. शेवटचं एकदा मोजू. नाही जुळलं तर हा विचार सोडून द्यायचा." विचार सोडला असता, तर सरांचे वर्तुळही सुटले असते. यंदाच्या जूनमध्ये टिंब द्यायचेच नाही, असे त्यांनी मनाशी ठरवल्याचे मला नंतर कळले.

शेवटच्या मोजणीला मी सोबत गेले. तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घालणार होते, आणि त्यानंतर माणसाला काही वेळ नीट दिसत नाही. मी मागच्या बाकावर बसले. सरांनी यंत्राच्या आधारावर हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावले. आत एक लहानसे चित्र दिसते, त्याकडे पाहायचे असते. तंत्रज्ञ पडद्याकडे बघत होता, डॉक्टर कागदाकडे. सरांकडे बघणारी मी एकटीच होते, आणि तीही पाठीमागून.

समोरच्या भिंतीवर फरश्यांची एक आडवी रेघ होती. त्या रेघेवर सरांचे दोन्ही कान मी ताडून पाहिले. डावा रेघेच्या वर होता, उजवा खाली. आतले चित्र नीट दिसावे, म्हणून सरांनी तेच केले होते जे ते फळ्यासमोर वीस वर्षे करत आले होते.

तपासणी चालू असताना बोलू नये, हे मला ठाऊक होते. तरी मी बोलले.

"सर, पाया?"

सरांचा एक हात हळूच वर गेला, उजव्या कानाला लागला, मग डाव्या कानाला. आणि ते हसू लागले, इतके की यंत्राचा आधार हलायला लागला.

"हलू नका हो, काका!" तंत्रज्ञ ओरडला.

"आता नाही हलणार, बाळा. आता पाया बसला. मोज."

उत्तर आले, एकशे दहा.

उलगडा सोपा होता. नेन्यांची चौकट नाकावर बसलेली असते. मान कलली, की तीही मानेबरोबर कलते, म्हणून कोन बदलत नाही. यंत्र मात्र टेबलावर पक्के. मान दहा अंश कलली, की मापात दहा अंश वाढणारच. डॉक्टरांनी सांगितले की असा नंबर बरीच वर्षे न कळता राहिला, तर काही माणसे नकळत मान झुकवून पाहायला शिकतात. यंत्राची चूक नव्हती, नेन्यांची नव्हती. हजारो वह्यांत लाल शाईने दाखवलेली चूक सरांनी स्वतःच्या मानेने केली होती.

"शून्य गुण," ते बाहेर आल्यावर म्हणाले. "आणि तुम्हाला दहापैकी दहा, बाई."

परतताना त्यांनी रिक्षा स्टेशनाकडे घ्यायला लावली. डोंबिवलीला जाऊन नेन्यांची माफी मागायची होती.

"सर, तुम्हाला अजून समोरचं धड दिसत नाही."

"माफी मागायला दिसावं लागत नाही."

शस्त्रक्रियेला फार वेळ लागला नाही. त्याआधी डॉक्टरांनी त्यांना ताठ बसवून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर शाईचे बारीक टिंब दिले. आडवे झाल्यावर बुबुळ किंचित फिरू शकते, म्हणून दिशेची खूण बसल्या स्थितीतच करून ठेवतात. डोळ्यावर जाळीदार झाकण लावून बाहेर आल्यावर सरांनी मला पहिली हीच बातमी दिली. दुखले का, भीती वाटली का, यातले काहीच नाही. "बाई, त्यासुद्धा आधी पाया आखतात!"

सरांचे वर्तुळ मी शेवटचे पाहिले ते त्याच जूनमध्ये. पुढच्या महिन्यात माझ्या यजमानांची बदली नाशिकला झाली आणि मी शाळा सोडली. नंतर पत्रे आली-गेली, भेट झाली नाही.

दहावीचा पहिला तास होता. मी प्रयोगशाळेच्या खिडकीत येऊन उभी राहिले. वर्ग कमालीचा शांत होता. मागच्या वर्षीची दोरीची गोष्ट नव्या मुलांपर्यंत पोहोचलेली होती. सरांनी खडू मोडला, टिंब दिले, खांदा फळ्याला समांतर केला. मान सरळ. हात फिरला. एका मुलीने दोरी घेतली आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, सावकाश फिरवत नेली.

या वेळी सरांनी पाठ केली नाही. ते दोरीकडेच पाहत राहिले.

"जुळली, सर! सगळीकडे!"

टाळ्यांच्या गडबडीत मी खिडकीतूनच विचारले, "काय सर, आता गोल नीट दिसतो ना काढताना?"

ते व्हरांड्यात आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काढताना मी बघितलंच नाही, बाई. डोळे मिटले होते. बाबा म्हणतात तसं."

"मग एवढा खटाटोप कशासाठी केलात?"

"दोरी बघायला! इतकी वर्षं मुलींच्या शब्दावर चाललो होतो. आज स्वतः बघितलं." त्यांचा चेहरा खुलला होता. "आणि खरंच जुळते हो!"

ते पुन्हा वर्गात गेले. फळ्यापासून तीन पावले मागे सरून आपल्याच वर्तुळाकडे कौतुकाने पाहू लागले आणि पाहता पाहता त्यांची मान, हळूहळू, उजव्या खांद्याकडे झुकली. त्यामागोमाग वर्गातल्या पन्नास माना झुकल्या. 'सर, पाया?' असे मी म्हणणारच होते. तेवढ्यात माझ्या खिडकीचा गज मला डावीकडे कललेला दिसला, आणि मी काही बोलले नाही.